मासळी विकून ताकदीचा डबा?

कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या एक मावशी परवा नातवाला घेऊन आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, पोरगा काटकुळा आहे. ताकदीची कोणती पावडर देऊ?"

"सकाळी काय खातो?"

"चहा-बिस्कीट."

"आणि आज तुमच्या टोपलीत काय होतं?"

"मांदेली, बोंबील. सगळं विकलं!"

मित्रांनो, राग मावशींचा आला नाही. पहाटे ससून डॉकला जाऊन मासळी आणणाऱ्या बाईला जिने पटवलं की ताकद डब्यात असते, त्या जाहिरातीचा आला. शेजारच्या टॉवरमधली माणसंही यातून सुटलेली नाहीत. दारावर बांगडा येतो आणि ते मला माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचं नाव विचारतात!

ज्या डब्याला आपण 'हेल्थ ड्रिंक' म्हणतो, त्याची आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात व्याख्याच नाही. म्हणूनच एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या सदरातून काढायला सांगितलं. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रोटीन पावडरी टाळण्याचा सल्ला दिला.

आता घरातलं बघा. काट्यासकट खाल्लेल्या मांदेलीतून प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. बांगडा आणि तारलीत ओमेगा-3 असतं. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तर तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे 120. हे सांगायला कोणी नट-नटी येत नाही, एवढाच काय तो फरक.

"पण डॉक्टर, 'नैसर्गिक' लिहिलेलं चांगलंच ना?" मुळीच नाही. गूळ आणि मधही शेवटी साखरच. मधुमेह असलेल्यांनी त्यावर विसंबू नये. खारवलेली मासळी आपली, पारंपरिक, तरी रक्तदाब असेल तर ती टाळाच. दिवसाला एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचाभर. त्यात पापड-लोणचंही मोजायचं.

मग रोज काय करायचं?

1. सकाळी बिस्किटाऐवजी भाकरी, उकडलेलं अंडं किंवा नाचणीची आंबील. वेळ नसेल तर भाकरी रात्रीच करून ठेवा.

2. मासळी विकायला काढण्याआधी घरचा वाटा बाजूला ठेवा. लहान मुलांना देताना काटे नीट काढा.

3. तळणं सणावाराला, एरवी कालवण. रव्यात घोळवून रोज तळलेल्या बोंबलात तेलही मोजावं लागतं.

4. ताटात पालेभाजी किंवा कोशिंबीर हवीच. नुसता भात आणि कालवण पुरत नाही. फळ खा, त्याचा रस काढू नका.

5. पाकीट घेण्याआधी उलटं करून वाचा. जो घटक वजनाने जास्त, तो यादीत आधी लिहिलेला असतो. साखर पहिल्या तिघांत दिसली, तर पाकीट खाली ठेवा.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, हात आखडतो, हे मला माहीत आहे. त्या दिवसांसाठीच तर आपल्या आज्यांनी बोंबील वाळवले, सुकट-जवळा भरून ठेवला. बिनमिठाची सुकी मासळी, डाळ आणि अंडी यांवर ते दोन महिने घराला प्रथिनं मिळू शकतात.

मुलाचं वजन खरंच वाढत नसेल, तर डॉक्टरांकडून तपासून घ्या. जंत, रक्ताची कमतरता किंवा क्षयरोग यांपैकी काही असेल, तर पावडरीने बरं होत नाही, उलट त्या डब्यावर विसंबून उपचाराला उशीर होतो.

मावशींना मी चिठ्ठीवर औषधाआधी एक ओळ लिहून दिली: 'रोज वाटीभर मांदेली, नातवासाठी, विकायची नाही.' त्या हसल्या. तुम्हीही आज घरी जाऊन बघा, तुमच्या टोपलीतलं चांगलं कोणाच्या ताटात जातंय?