नक्कलच ना?

तैलरंग शिकण्यासाठी मी कोरोच्या धूसर निसर्गचित्राची नक्कल करते आहे, हे ऐकून एक सहकारी हसली, "नक्कलच ना?" हो, नक्कलच. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचे दार स्त्रियांसाठी उघडले १८९७ साली. त्याआधी बर्थ मोरिसो शिकली ती खाजगी शिक्षकांकडे आणि लूव्रमधल्या चित्रांच्या नकला करत. १८६३ साली तिने कोरोच्या तिवोली-दृश्याचीही नक्कल केली.

धुक्याला नुसता पांढरा चालत नाही. करडा-निळा मिसळून कडा ओल्या रंगातच पुसाव्या लागतात. मग थर वाळायला कित्येक दिवस. घरात मात्र तासाभरातच "झालं का तुझं?" मुलाच्या क्रिकेटच्या सरावाला असे कुणी विचारत नाही. टर्पेंटाइनच्या वासाची तक्रार रास्त आहे, खिडकी उघडते. ईझल दिवाणखान्यातून हलणार नाही.