शुद्ध देशी गोवंश : भांडवल कशात गुंतवावे?

आपल्या व्यवसायातील अनेकांच्या मनात अलीकडे स्वतःचा गोठा उभारण्याचा विचार बळावला आहे, आणि तो अकारण नाही. पंचगव्य घृत, फलघृत, त्रिफला घृत यांसाठी तूप. वत्सनाभ व गुग्गुळ यांच्या शोधनासाठी गोमूत्र. गंधकाच्या शोधनासाठी दूध व तूप. यांच्या खात्रीचा प्रश्न प्रत्येक फार्मसी-मालकास भेडसावतो. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईस ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केल्यानंतर या विचारास भावनेचीही जोड मिळाली. मात्र भांडवल घेऊन निघालेला वैद्य प्रथम गुजरातची वाट धरतो, मोठी किंमत मोजून गीर गाय आणतो, फरशीचा गोठा बांधतो आणि वैरणीचा विचार पहिल्या उन्हाळ्यात करतो. हा क्रम प्रस्तुत लेखकास उलटा वाटतो.

पाथरीसारख्या ठिकाणी गोवंश बाहेरून आणण्याची गरजच नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील कंधार हे लाल कंधारीचे माहेर; लातूर जिल्ह्यातील देवणी-उदगीर हे देवणीचे. दोन्ही जाती परभणी जिल्ह्यात पूर्वापार नांदत आल्या आहेत. देवणीतील वानेरा, बालंक्या व शेवरा हे प्रकार जुना शेतकरी रंगावरून दुरूनच ओळखतो. येथील ऊन, येथील गोचीड आणि येथील कडबा या जनावरांच्या अंगवळणी पडलेला आहे. ‘ए-२’ दुधाच्या नावाखाली गीर गाईस जादा किंमत देणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, भारतीय वशिंडाच्या बहुतेक सर्वच जातींचे दूध त्या प्रकारचे असते. शिवाय हा भेद दुधातील केसीन या प्रथिनाचा आहे, आणि नीट कढवून गाळलेल्या तुपात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. ‘ए-२ तूप’ ही पाटी लावणे म्हणूनच निरर्थक होय.

आता तुपाचा हिशेब पाहू. देवणीचे एका वेताचे दूध सरासरी ९०० लिटरच्या आसपास, लाल कंधारीचे ६०० च्या आसपास. वासराचा वाटा एक-तृतीयांश धरला, तर देवणीपासून ६०० लिटर हाती येते. एक किलो तुपास सुमारे २५ लिटर दूध लागते, म्हणजे २४ किलो तूप. दोन वेतांतील अंतर सव्वा वर्ष धरल्यास वर्षाकाठी १९ किलोच पडते. ज्या फार्मसीस वर्षाला २०० किलो तूप लागते, तिला दहा-अकरा नियमित विणाऱ्या गाई हव्यात. कालवडी, गोऱ्हे धरून दावणीला वीस-पंचवीस जनावरे होतात. केवळ तुपासाठी गोठा काढणाऱ्याने हा हिशेब आधी कागदावर मांडावा. बहुतेकांनी एवढ्यानेच दोन किंवा तीन गाईंवर थांबावे, असे आमचे मत आहे.

पहिला रुपया वैरणीवर खर्च व्हावा. साडेतीनशे-चारशे किलो वजनाच्या गाईस दिवसाला सुमारे १० किलो शुष्क द्रव्य लागते. त्यातील निम्मे कडब्यातून द्यावयाचे म्हटले, तरी वर्षाला एका गाईमागे पावणेदोन टनांहून अधिक कडबा झाला. सोयाबीन वाढले तशी ज्वारी आक्रसली आणि कडबा महागला. जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे पाथरीकडे ऊस आहे, म्हणून उसाच्या वाढ्यावर भिस्त ठेवण्याची सवय जडली आहे. परंतु वाढ्यातील ऑक्झॅलेटमुळे शरीरातील चुना कमी होतो आणि गाय माजावर येण्यास, गाभण राहण्यास अडचण पडते. वाढे द्यायचेच तर चुन्याची निवळी शिंपडून, तेही थोडे. २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यात चारा छावण्या काढाव्या लागल्या, हे विसरण्याइतके दिवस झालेले नाहीत. एक वर्षाची गंज व मुरघासाचा खड्डा तयार असल्याखेरीज गाय आणू नये. गोठा साध्या पत्र्याचा, उंच आणि मोकळ्या कुंपणाचा पुरतो.

दुसरा खर्च तपासणीचा. आणि येथे वैद्यास सूट नाही. सांसर्गिक गर्भपात, क्षय व जोन्स रोग यांची तपासणी खरेदीपूर्वी झालीच पाहिजे. लेप्टोस्पायराचे जंतू बाधित जनावराच्या मूत्रातून बाहेर पडतात. अर्क काढताना उष्णतेने ते मरतात खरे. पण शोधनासाठी ताजे गोमूत्र उघड्या हातांनी हाताळणाऱ्या आपल्या कामगाराचे काय? कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस द्यावी. २०२२ मध्ये लम्पीने राज्यभर गोठे उद्ध्वस्त केले, तेव्हा देशी जनावरेही सुटली नाहीत.

तिसरा, आणि पैदास करणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा खर्च वळू व नोंदवही यांचा. केंद्राच्या गोवंश नोंदणी योजनेत गीर, कांकरेज, हरियाणा व ओंगोल या जाती आहेत. लाल कंधारी व देवणी नाहीत. माळेगावच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात घेतलेल्या गाईसोबत वंशावळीचा कागद मिळत नाही. शुद्धता तेथून पुढे आपणच सिद्ध करावयाची: कानातील बिल्ल्याचा क्रमांक, माता-पिता, रेतनाची तारीख, दर पंधरवड्याचे मोजलेले दूध. तीन पिढ्यांची अशी वही ज्याच्याकडे आहे, त्याच्या कालवडीस गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

वळूबाबत तर आपलीच विद्या आपण विसरतो. चरकाच्या शारीरस्थानातील ‘अतुल्यगोत्रीय’ अध्याय सर्वांनी अभ्यासलेला असतो, पण गोठ्यात एकच वळू सात-आठ वर्षे ठेवून त्याला त्याच्याच लेकींवर सोडले जाते. बाप-लेकीच्या संततीत अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के येते. पाच गाईंसाठी प्रत्येकाने वळू पोसणे परवडणारेही नाही. परभणी, नांदेड, लातूर येथील चार-पाच फार्मसींनी मिळून दोन निवडक वळू घ्यावेत, दर दोन-तीन वर्षांनी ते आपसांत फिरवावेत आणि जेथे पोचता येत नाही तेथे त्याच जातीच्या सिद्ध वळूच्या रेतमात्रा वापराव्यात. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्याच्या सल्ल्याने नोंदवहीचा एकच नमुना आपली संघटना ठरवू शकते.

राहिला गोऱ्ह्यांचा प्रश्न, जो कोणी बोलून दाखवत नाही. निम्मी वासरे नर होणार. २०१५ च्या दुरुस्तीनंतर राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. म्हणजे न विकलेला प्रत्येक गोऱ्हा आयुष्यभर आपल्याच कडब्यावर राहणार. येथे लाल कंधारी व देवणी यांचा लाभ उघड दिसतो: काळ्या रानात चालणाऱ्या या बैलांना ट्रॅक्टरच्या काळातही शेतकरी किंमत देतो. तरीही जो वैद्य गाय विकत घेण्यापूर्वी दोन गोऱ्ह्यांच्या पाच वर्षांच्या वैरणीची तरतूद करीत नाही, त्याने तूप खात्रीच्या शेतकऱ्याकडून दुधाची तपासणी करून विकत घ्यावे.