होतकरू खेळाडूंची पारख

ज्या खेळास अमेरिकेंत फुटबॉल म्हणतात तो आमच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. त्यांतील चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचा किंवा फेंकावयाचा असतो, आणि पायाचा उपयोग क्वचितच होतो. ह्या खेळाचा हंगाम फेब्रुवारींत संपतो व मैदानें ओस पडतात. प्रेक्षकांचीं तोंडें मात्र तेव्हांच उघडतात. एप्रिलच्या अखेरीस तेथील ३२ व्यावसायिक संघ विश्वविद्यालयांतून खेळलेल्या तरुणांची निवड करितात. तिला 'ड्राफ्ट' असें नांव आहे. तोंपर्यंत घरोघर एकच वाद चालतो, कीं आपल्या संघानें कोणता तरुण घ्यावा. ह्या वादाविषयीं आम्हीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. कारण तो दिसतो तितका परका नाहीं.

प्रथम ह्या पद्धतीचें मूळ सांगितलें पाहिजे. पूर्वीं श्रीमंत संघ पैशाच्या बळावर उत्तम खेळाडू घेऊन जात आणि दुबळे संघ दुबळेच राहत. फिलाडेल्फिया येथील ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल ह्यांनीं १९३५ सालीं असें सुचविलें, कीं जो संघ सर्वांच्या मागें पडला असेल त्यानें पहिल्यानें निवड करावी, आणि विजेत्यानें सर्वांच्या शेवटीं. त्याप्रमाणें १९३६ सालच्या फेब्रुवारींत फिलाडेल्फियांतील एका हॉटेलांत पहिली निवड झाली. फळ्यावर सुमारें ९० नांवें लिहिलीं होतीं. त्यांतून सर्वांत आधीं ज्याचें नांव उच्चारलें गेलें तो जे बर्वँगर व्यावसायिक संघांतून एकही सामना खेळला नाहीं! वेतनाचें जमलें नाहीं, आणि त्यानें दुसरा उद्योग पत्करला. निवड करणाऱ्यांस हा पहिलाच धडा होता. तो त्यांनीं घेतला असें दिसत नाहीं.

तथापि ह्या नियमांत न्याय आहे हें कबूल केलें पाहिजे. हरलेल्या गांवास वर्षाकांठीं एक दिवस तरी आशा धरतां येते. ज्यांचा संघ सोळांपैकीं तेरा सामने हरला, त्यांस वाद घालण्यावांचून दुसरें करमणुकीचें साधन तरी कोणतें? हा वाद अडाणीपणाचा असतो असेंही नाहीं. दरवर्षीं इंडियानापोलिस शहरांत ह्या तरुणांची परीक्षा होते. कोण चाळीस यार्ड किती सेकंदांत धांवला, कोणाची उंची किती, एवढेंच नव्हे तर कोणाच्या हाताची वीत किती, हेंही मोजलें जातें, आणि हीं मापें लहान मुलांस पाढ्यांप्रमाणें पाठ असतात. वाद करणाऱ्यांचे दोन जुने पक्ष आहेत. एक म्हणतो, संघांत जी जागा रिकामी आहे ती आधीं भरा. दुसरा म्हणतो, जागा कोणतीही असो, जो सर्वांत गुणी तो घ्या. आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें. कारण आजची उणीव वर्षभरांत पालटते, पण अंगचा गुण सहसा पालटत नाहीं.

आतां ज्या प्रसंगासाठीं आम्हीं लेखणी उचलली तो सांगतों. १९९८ च्या हंगामांत ईगल्स संघानें सोळांपैकीं अवघे तीन सामने जिंकले, म्हणून पुढील निवडींत त्याची पाळी दुसरी आली. टेक्सास विश्वविद्यालयाचा रिकी विल्यम्स हा चेंडू घेऊन धांवणारा मोठा नामांकित तरुण त्या वर्षीं उपलब्ध होता. फिलाडेल्फियांतील पुष्कळ लोकांस तोच हवा होता. तेथील नभोवाणीवरील एका वक्त्यानें तर सुमारें तीस प्रेक्षक बसमध्यें घालून निवडीच्या दिवशीं न्यूयॉर्कास नेले. १७ एप्रिल १९९९ रोजीं ईगल्सनें नांव पुकारलें तें मात्र सिराक्यूझ विश्वविद्यालयाच्या डॉनोव्हन मॅकनॅबचें. त्याबरोबर त्या मंडळींनीं हुर्यो उडविण्यास प्रारंभ केला. ज्याच्या आयुष्यांतील तो परम आनंदाचा क्षण, तो बावीस वर्षांचा तरुण व्यासपीठावर येत होता, आणि ज्या नगरासाठीं त्यानें पुढें अंग झिजवावयाचें, त्याच नगराचे लोक त्याची छीः थूः करीत होते. त्यानें कोणाचें कांहींएक वांकडें केलें नव्हतें. कोणत्या गांवीं जावें ह्याचा कौलही त्याचा नव्हता.

पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. मॅकनॅबच्या काळांत ईगल्स संघ लागोपाठ चार वर्षें आपल्या गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, व २००५ सालच्या फेब्रुवारींत सर्वोच्च सामन्यांत उतरला. तो मात्र न्यू इंग्लंडनें जिंकला. २०१३ सालीं त्याच फिलाडेल्फियानें त्याच्या सन्मानार्थ त्याचा पांच हा अंक दुसऱ्या कोणास न देण्याचें ठरविलें. इकडे विल्यम्ससाठीं न्यू ऑर्लीन्सच्या संघानें त्या वर्षींच्या आपल्या सगळ्या निवडी व पुढील वर्षींच्याही दोन देऊन टाकिल्या, आणि तो हंगाम केवळ तीन सामने जिंकून संपविला. मात्र विल्यम्स टाकाऊ होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. २००२ सालीं मायामीच्या संघांतून सर्वांहून अधिक यार्ड धांवणारा तोच होता.

तेव्हां वाद घालणारे मूर्ख होते असें आम्ही म्हणत नाहीं. विल्यम्सचा पराक्रम त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला होता, आणि मॅकनॅबचा अद्याप घडावयाचा होता. डोळ्यांस दिसलें तें त्यांनीं मागितलें. ज्यांस ह्याच कामाचें वेतन मिळतें त्यांची दृष्टी तरी कोठें फार लांब पोंचते? २००० सालीं टॉम ब्रेडी ह्यास घेण्यापूर्वीं १९८ तरुणांचीं नांवें पुकारलीं गेलीं. ज्या सॅन फ्रान्सिस्को संघाचे सामने पाहत तो लहानाचा मोठा झाला, त्या संघानेंही त्याच जागेसाठीं दुसरा निवडला, व तो दुसरा साखळींतील एकाही सामन्यांत उतरला नाहीं. ब्रेडी सात वेळां विजेता ठरला. केड मॅसी व रिचर्ड थेलर ह्या दोघां विद्वानांनीं ह्या निवडींचा हिशेब मांडिला, तेव्हां असें आढळलें, कीं एकाच जागेसाठीं लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकीं आधीं निवडलेला अधिक चांगला निघण्याचा संभव अर्ध्याहून किंचितच जास्त असतो. जवळ जवळ नाणें उडविण्यासारखेंच! अर्थात् आरंभीं निवडलेले एकंदरींत शेवटच्यांहून सरस ठरतात, हें खरें. पारख अगदींच व्यर्थ नाहीं. ती फार थोडी आहे, इतकेंच. शमुवेलासारख्या संदेष्ट्याचीही इशायाच्या थोरल्या पुत्राची उंची पाहून फसगत होऊं लागली होती, आणि धाकटा तर मेंढरांमागें रानांत होता. त्यास बोलवावें असें बापासही सुचलें नव्हतें.

आम्हांस अधिक नवल वाटतें तें दुसऱ्या एका चालीचें. निवड होते न होते तोंच दुसऱ्या दिवशीं तेथील वृत्तपत्रें प्रत्येक संघास श्रेणी देतात, अमक्यास उत्तम व तमक्यास नापास. शिक्षकाच्या धंद्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं, पण विद्यार्थ्यानें लेखणी हातीं धरण्यापूर्वीं गुण देण्याची युक्ति आम्हांस अजून साधलेली नाहीं.

साधलेली नाहीं असें म्हटलें खरें, परंतु आमच्या घरांतून व शाळांतून काय चालतें? २००८ सालापासून क्रिकेटच्या खेळाडूंचा लिलाव होतो, आणि मुंबईच्या संघानें कोणास घ्यावें ह्यावर जेवणें थंड होतात. २०२४ च्या नोव्हेंबरांत वैभव सूर्यवंशी ह्या तेरा वर्षांच्या मुलावर राजस्थानच्या संघानें एक कोटी दहा लाख रुपये लाविले. पुढच्या एप्रिलांत त्यानें ३५ चेंडूंत शतक केलें. तें वय आमच्या आठवींतल्या मुलांचें आहे. आणि त्या वर्गांतील प्रत्येकाविषयीं कोणी ना कोणी निकाल देऊन बसलेला असतो. अमका हुशार, तमका ढ, ह्यास गणित यावयाचें नाहीं, त्यास दुकानावर बसवा. हा निकाल मुलासमोर दिला जातो, पाहुण्यांसमोर दिला जातो, आणि न्यूयॉर्कांतील हुर्योपेक्षां तो अधिक लागतो; कारण तो बापाच्या तोंडचा असतो. मॅकनॅबच्या पाठीशीं निदान त्याचा संघ तरी उभा होता.

मुलांनीं आपल्या आवडत्या संघाविषयीं खुशाल वाद घालावा. त्यांत आकडे लागतात, कारणें द्यावीं लागतात, दुसऱ्याचें ऐकावें लागतें. पण ज्यानें याद्या केल्या असतील त्यानें त्या वहींत तारीख घालून लिहून ठेवाव्या, आणि पांच वर्षांनीं काढून वाचाव्या. पालकमंडळी भेटीस येतात तेव्हां बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो, कीं आमचा मुलगा पुढें कोण होईल. ह्या सहामाहींत त्यानें काय केलें, कोठें अडला, कोणास मदत केली, हें आम्ही त्यांस सविस्तर सांगूं. पुढचें विचारावयाचें असल्यास त्यांनीं मुलगा पंचवीस वर्षांचा झाल्यावर यावें. चहा आम्ही देऊं.