कळा सुरू झाल्यावर शेक कसा द्याल

घरात दिवस भरत आलेली लेक किंवा सून असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. तिच्याजवळ जी बसणार आहे, तिने तर जरूर वाचावं.

कळा सुरू झाल्या की बऱ्याच जणींची कंबर आधी धरते. तिथे ऊबदार शेक दिला तर आखडलेले स्नायू सैल होतात आणि दुखणं थोडं सोसवतं. कळा त्याने थांबत नाहीत. थांबवायच्याही नसतात. पण दोन कळांच्या मधे तिला जरा विसावा मिळतो, आणि लांबलेल्या बाळंतपणात त्या विसाव्याची किंमत फार असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ साली प्रसूतीबद्दल सूचना दिल्या. दुखणं कमी व्हावं असं बाईने सांगितलं, तर मालिश किंवा गरम शेक द्यावा, असं त्यात आहे.

शेक द्यायचा तर नीट द्या.

रबराची पिशवी घ्या. तिच्यात उकळतं पाणी ओतू नका. गार पाणी मिसळा आणि मगच भरा. काठोकाठ भरू नका. हवा दाबून काढा, बूच घट्ट लावा, पिशवी उलटी धरून गळते का पाहा. वर पंचा गुंडाळा.

आता ती स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तळहातावर विसंबू नका. भाकऱ्या थापून, भांडी घासून तुमचा तळहात राठ झालेला असतो. त्याला जे कोमट वाटतं, त्याने तिच्या कंबरेला चटका बसू शकतो.

मग तिला विचारा, “बरं वाटतंय का? नको वाटतंय का?” ती म्हणेल तसं करा. एखादीला कळ आली की अंगाला कोणी हात लावलेलाही सोसत नाही. तिला आग्रह करू नका.

शेक कंबरेला द्या, मांड्यांना द्या. ओटीपोटावर द्यायचा तर अगदी सौम्य. पंधरा-वीस मिनिटं झाली की पिशवी काढा. मधे मधे कातडी पाहा. लाल चट्टे दिसले की लगेच थांबा. पिशवी अंगाखाली ठेवून तिला झोपवू नका. वजनाने बूच निघतं आणि गरम पाणी अंगावर येतं.

तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडी किंवा चुलीतली वीट नको. ती सगळीकडे सारखी तापत नाही आणि भाजल्याचं कळेपर्यंत उशीर होतो. विजेची शेकायची पिशवी पाणमोट फुटल्यावर वापरू नका. ओलं अंग आणि वीज एकत्र नकोत. बाम चोळलेल्या जागी शेक देऊ नका, कातडी पोळते.

कोमट पाण्याची आंघोळही चांगली. स्टुलावर बसवा आणि तांब्याने कंबरेवर पाणी सोडा. कढत पाणी नको, चक्कर येते. बाथरूमची कडी आतून लावू देऊ नका. गॅसचा गीझर बाथरूममध्येच असेल तर बादली आधी भरून घ्या. तो बंद करा, खिडकी उघडा, मगच तिला आत न्या. बंद जागेत त्याचा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, म्हणून कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेकाने आराम पडतोय म्हणून दवाखान्यात जायला वेळ लावू नका. अंगावरून रक्त जात असेल, पाणमोट फुटली असेल, पाणी हिरवट असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, ताप असेल, किंवा पोट मधे सैल न पडता सतत दुखत असेल, तर शेक बाजूला ठेवा आणि निघा. सदतीस आठवडे भरायच्या आधी कळा आल्या तरी तसंच. आधीचं बाळंतपण सिझेरियनचं असेल तर पहिल्या कळेलाच डॉक्टरांना कळवा. गाडी नसेल तर १०२ किंवा १०८ ला फोन करा. गाव लांब असेल तर कळा जोरात येण्याची वाट पाहू नका.

दवाखान्यात पोचल्यावर सिस्टरना विचारून शेक द्या. कण्यात बधिर करणारं इंजेक्शन दिलं असेल, तर त्या भागाला शेक अजिबात नको. तिला भाजलेलं कळणारच नाही.

बाळाचं डोकं खाली आलं की सिस्टर किंवा डॉक्टर मायांगाजवळ गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ कापड धरू शकतात. त्याने तिथे मोठी जखम होण्याचा धोका कमी होतो. ते काम त्यांचं. घरी करू नका. पण तुमच्याकडे हे करतात का, हे आठव्या-नवव्या महिन्यातल्या तपासणीलाच विचारून ठेवा. तिथे संकोच नको.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी विचारा. प्रसूतीच्या खोलीत गरम पाणी मिळतं का? आणि तिच्याजवळ कोण थांबू शकतं? सरकारी दवाखान्यात घरातली एक बाई सोबत थांबू द्यावी, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलं आहे. आशाताईंनाही विचारा, त्यांना तिथली पद्धत माहीत असते.

मग दवाखान्याच्या पिशवीत रबरी पिशवी, दोन धुतलेले पंचे आणि थर्मास आजच भरून ठेवा. रबरी पिशवी जुनी असेल तर तिचं रबर चिरलंय का ते पाहा, आणि चिरलं असेल तर नवी आणा.