शहराच्या न जन्मलेल्या लेकरांचं पाणी



2013 च्या उन्हाळ्यात जालना शहरात नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी आलं नाही. आपली जी माणसं तिथं लोखंडाच्या कारखान्यात नाहीतर बांधकामावर जातात, त्यांनीही पाणी विकत घेऊनच प्यालं. तेव्हा शहराला पाणी देऊ नका, असं आम्ही म्हणणार नाही. पण शहर आपल्या उद्याचा विचार कसा करतं, हे आपण एकदा नीट बघून घेतलं पाहिजे.

निजामाच्या काळात जालन्यासाठी घाणेवाडीचा तलाव झाला. तो पुरेना, म्हणून गोदावरीवर शहागडहून पाणी आणलं. तेही पुरेना, म्हणून आता जायकवाडीहून अंबडमार्गे पाईपलाईन. 2001 च्या जनगणनेत शहरात 2 लाख 35 हजार माणसं होती, 2011 ला 2 लाख 85 हजार. दहा वर्षांत 50 हजार वाढली. इंजिनिअर लोक हाच हिशोब पुढं नेतात. आणखी तीस वर्षांनी किती माणसं असतील ते धरून पाईप केवढा, टाकी केवढी हे ठरतं. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज 135 लिटर धरतात. खेड्याला बरीच वर्षं 40 लिटर धरत होते. टंचाईत टँकर लागला की माणशी 20 लिटर, तेही टँकर वस्तीपर्यंत आला तर!

जागेचंही तसंच. 1966 च्या नगररचना कायद्यानं शहराला वीस वर्षांचा विकास आराखडा करावा लागतो. शाळा, दवाखाना, बाग, रस्ता, बाजार यांची जागा आधीच राखून ठेवायची, नकाशा लोकांसमोर लावायचा, हरकती ऐकायच्या. कायदा चांगला आहे. (बागेच्या जागेवर पुढं कोणाची दुकानं उभी राहतात, तो भाग निराळा.)

म्हणजे जी लेकरं अजून आईच्या पोटातही नाहीत, त्यांच्या नावानं शहर पाणी आणि जागा राखतं. आणि आपल्या वस्तीत जन्मलेलं, बाप-आजाची जमीन कसून म्हातारं झालेलं माणूस कागदावर कुठंच नाही. सातबाऱ्यावर नाव वनखात्याचं नाहीतर सरकारचं. शहर वाढताना जागा शोधणाऱ्याच्या नजरेत पहिली हीच जमीन भरते, कारण कागदावर ती मोकळी असते. जायकवाडीची पायाभरणी 1965 साली झाली, उद्घाटन 1976 साली. शंभराच्या वर गावं पाण्याखाली गेली. मोबदला द्यायची वेळ आली की सातबारा बघतात. ज्याच्याकडं तोच नाही, त्याला कोण विचारतं?

आपल्यालाही आराखडा करता येतो, हे मात्र आपण विसरतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(2) वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, तळं, पिण्याच्या पाण्याची लाईन, रस्ता, विजेची तार यांसाठी एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. झाडं हेक्टरी 75 च्या वर तोडता येत नाहीत. आणि शिफारस लागते ती ग्रामसभेची. किती वस्त्यांनी असा ठराव केला? आपली ग्रामसभा सरपंचाच्या भांडणात उठते आणि हे कलम तसंच राहतं. यात दोष आपलाही आहे.

कसणाऱ्यांचे दावेही अजून अर्धवट आहेत. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आदिवासी कसत असलेली वनजमीन, 4 हेक्टरपर्यंत, नावावर होऊ शकते. वनखात्यानं पूर्वी केलेल्या दंडाच्या पावत्या फेकू नका. जी शिक्षा होती तीच आता पुरावा आहे. जुनी विहीर, बांध, म्हाताऱ्या माणसांचा जबाबही चालतो. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही, हे कलम 4(5) मध्ये लिहिलेलं आहे. 'तुमचा जिल्हा पेसात नाही' असं कचेरीत कोणी सांगितलं तर माघारी येऊ नका. पेसा वेगळा, वनहक्क वेगळा, आणि वनहक्क इथंही लागू आहे. गायरान महसुलाचं असेल तर त्याचा दावा 14 एप्रिल 1990 पूर्वीच्या कब्जाचा, तो वेगळा करा. दोन्ही एका अर्जात घातले की दोन्ही अडकतात.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं 2009 साली 1,800 हेक्टरवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. ते गाव आपल्यापेक्षा मोठं नाही.

पुढच्या अंकाआधी प्रत्येक वस्तीनं एका मोठ्या कागदावर आपल्या शिवाराचा नकाशा काढावा. बायांना बरोबर घ्या, पाणी कुठं टिकतं ते त्यांना माहीत असतं. पाणी, चराई, मसणवटा, कसलेली जमीन हे सगळं दाखवा. आणि शहराचे इंजिनिअर करतात तसाच हिशोब मांडा. आज वस्तीत किती घरं, किती लेकरं, आणि वीस वर्षांनी किती होतील. तो आकडा ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या, सह्या-अंगठे घ्या आणि एक नक्कल आमच्याकडं पाठवा.