गोळीतले खोटे सांगणार कोण?

रुग्णाला गोळी पांढरी आहे की पिवळी, एवढेच दिसते. पाकिटावर लिहिले आहे तेवढे औषध तिच्यात आहे का, वर्षभर कपाटात राहून त्याचा गुण टिकतो का, हे त्याला कळायचा मार्ग नाही. डॉक्टरलाही नाही. औषध निरीक्षकासमोर बहुतेक वेळा येतात ती कागदपत्रे, आणि ती कंपनीनेच तयार केलेली असतात. कागद खोटा असेल तर ते खात्रीने सांगू शकतो तो कंपनीच्या आतला माणूसच.

रॅनबॅक्सीत असा जागल्या निघाला. दिनेश ठाकूर २००३ मध्ये या कंपनीत आले. पुढच्याच वर्षी वरिष्ठांनी त्यांना वेगवेगळ्या देशांत मंजुरीसाठी दिलेली आकडेवारी तपासायला सांगितली. तिचा मेळ लागेना. २००५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवले, तेही सुरुवातीला टोपणनावाने. अमेरिकी सरकारने पुढे जे नोंदवले ते थक्क करणारे आहे. औषध किती टिकते याच्या चाचण्या काही-काही महिन्यांच्या अंतराने करायच्या असतात. त्या एकाच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत उरकलेल्या होत्या. काही नमुने चक्क फ्रिजमध्ये ठेवलेले होते. फ्रिजमध्ये भाजीही चार दिवस जास्त टिकते. दुकानाच्या फळीवर उन्हाळा काढलेल्या गोळीचे काय होते, हा खरा प्रश्न होता.

मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकी कंपनीने गुन्हे कबूल केले आणि एकूण ५० कोटी डॉलर भरायचे ठरले. ठाकूर यांना त्यातून सुमारे ४.८६ कोटी डॉलर मिळाले. ही कुणाची मेहेरबानी नव्हती. यादवी युद्धात लष्कराला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांना पकडण्यासाठी अमेरिकेने १८६३ मध्ये केलेल्या कायद्यातला तो हक्क आहे. सरकारला फसवणाऱ्यावर कोणीही सरकारच्या वतीने दावा लावू शकतो आणि वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा मागू शकतो. तक्रारीपायी नोकरी गेलीच, तर ती परत मिळते आणि बुडालेला पगार दुपटीने.

पैशासाठी चहाड्या वाढतील, असा आक्षेप नेहमी येतो. पण वाटा मिळतो तो वसुली झाल्यावरच. ठाकूर यांना त्यासाठी आठ वर्षे थांबावे लागले. खोटी तक्रार करणाऱ्याला एवढा धीर असतो का?

आपल्याकडे महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची २००३ मध्ये हत्या झाली. तक्रारदारांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही व्हायला २०१४ उजाडले, आणि तो अजून लागूच झालेला नाही. झाला तरी तो सरकारी सेवकांच्या गैरप्रकारांपुरता. खासगी औषध कंपनी त्याच्या बाहेरच. कंपनी कायद्यानुसार शेअर बाजारात नोंदणीकृत कंपन्यांना अंतर्गत तक्रार यंत्रणा ठेवावी लागते. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध सांगायचे, त्यांच्याच दारात जायचे! बनावट औषधांची खबर देणाऱ्यासाठी आरोग्य खात्याची बक्षीस योजना आहे, पण बक्षीस ठरते ते जप्त मालाच्या किमतीवर. परवानाधारक कंपनीच्या संगणकातली खोटी आकडेवारी अशा मालात मोडत नाही. उलट शेअर बाजारात आतल्या माहितीवर झालेल्या व्यवहाराची खबर दिली, तर 'सेबी' १० कोटी रुपयांपर्यंत बक्षीस देऊ शकते. गुंतवणूकदाराच्या पैशाची ही काळजी योग्यच. रुग्णाच्या जिवाला मात्र ती लागू नाही.

ठाकूर यांनी औषध नियमनातील त्रुटींबद्दल केलेली याचिका २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकण्यास नकार दिला. आता चेंडू सरकारकडे आहे. २०१४ चा कायदा अमलात आणायला राजपत्रातील एक अधिसूचना पुरते. औषध कंपन्यांतील नोकरदारांना त्यात आणायचे तर दुरुस्ती लागेल, आणि तिच्यात वसुलीतला वाटाही लिहावा लागेल. रॅनबॅक्सीच्या ज्या कारखान्यांवरून हे प्रकरण पेटले, ते देवास आणि पाँटा साहिबचे होते. दंड जमा झाला तो अमेरिकेत.