येरवड्याला पाठवा!

वसतिगृहात कुणी जरा विचित्र वागला, की ‘ह्याला येरवड्याला पाठवा रे!’ म्हणून हशा उसळतो. मीही पुष्कळदा हसलो आहे. परंतु एकदा मनात आले, की येरवड्यात मनोरुग्णालय आहे आणि मध्यवर्ती कारागृहही आहे. मग पाठवायचे नेमके कोठे? आणि एखादा माणूस दोन्ही ठिकाणचा असला तर?

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. तुरुंग म्हटला की आपल्याला १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणारे विनोबा आठवतात, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी आठवतात. ज्याचे मनच ठिकाणावर नाही असा कैदी मात्र आपल्या क्रमिक पुस्तकांत कुठे भेटत नाही. मला तो घरीच भेटला, म्हणून हा लेख.

माझ्या धाकट्या चुलत्यांना आम्ही नाना म्हणतो. मी नववीत असताना त्यांची झोप उडाली. कुणीतरी आपल्या जेवणात विष कालवते आहे, असे ते म्हणू लागले. देवऋषी झाले, अंगारे झाले. एके सकाळी त्यांनी गावातल्या किराणा दुकानदाराच्या डोक्यात त्याच्याच ताजव्यातले वजन घातले. सात टाके पडले. नाना पाच महिने कच्चे कैदी म्हणून आत होते. सुरुवातीला ‘सोंग करतोय’ असेच सर्वांचे मत. (खरे सांगायचे तर आमच्या घरातही दोघांचे तेच मत होते.) पुढे एका डॉक्टरांनी त्यांना नीट तपासले, गोळ्या सुरू केल्या, आणि नाना झोपू लागले. भेटीला गेलेल्या वडिलांजवळ त्यांनी बैलांची चौकशी केली, तेव्हा वडील तिथेच रडले. जामीन झाला त्या दिवशी मात्र नानांच्या हाती फक्त कपड्यांची पिशवी आली. गोळ्या कोणत्या, किती दिवस घ्यायच्या, कोठे मिळतील, ह्याचा कागद नाही. पुढच्या पावसाळ्यात सारे पुन्हा पहिल्यापासून.

पाच महिने काहीच नव्हेत असे वाटावे, अशी एक हकिकत मला ग्रंथालयात वाचायला मिळाली. आसामातल्या मचल लालुंग ह्या आदिवासी तरुणाला १९५१ साली एकाला गंभीर दुखापत केल्याच्या आरोपावरून पकडले. मन ठीक नाही म्हणून त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले. १९६७ मध्ये तेथून तो बरा असल्याचे कळवण्यात आले. खरे तर त्या दिवशी खटला तरी चालायचा किंवा सुटका तरी व्हायची. दोन्हींपैकी काही झाले नाही. २००५ साली एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो सुटला, तेव्हा सत्तरी उलटलेली होती. चोपन्न वर्षे, आणि खटला शून्य! पुढे सर्वोच्च न्यायालयाने आसाम सरकारला त्याला भरपाई द्यायला लावली. २००७ मध्ये तो वारला. तेव्हा बिहारमध्ये असलेल्या हजारीबागच्या तुरुंगात असेच वर्षानुवर्षे अडकलेले कैदी सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच सोडवले होते. त्या वर्षी लालुंग आतच होता. कुणी त्याची चौकशी केली नाही, कारण तो ओरडत नव्हता आणि त्याच्यामागे ओरडणारे कुणी नव्हते.

असे का होते, ते समजून घेतले तर कुणा एकाच्या दुष्टपणाची गरज लागत नाही. ज्याला आपल्यावरचा आरोपच कळत नाही, त्याला बचाव कसा करता येणार? म्हणून खटला थांबवायचा, हा नियम जुना आहे आणि चांगला आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो आहे. परंतु थांबलेला खटला पुन्हा सुरू व्हायचा तर डॉक्टरने लिहिले पाहिजे, ते तुरुंगाने कोर्टाला कळवले पाहिजे, कोर्टाने तारीख लावली पाहिजे आणि त्या तारखेला गाडी व पोलीस मिळाले पाहिजेत. एक कडी तुटली की माणूस संपला. कागद मात्र कपाटात सुखरूप.

मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा मी वाचून पाहिला. प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय हवी, तुरुंगाच्या डॉक्टरांना ह्या कामाचे प्राथमिक शिक्षण द्यावे, असे त्यात स्पष्ट आहे. मात्र एक कलम वाचून मी थबकलो. दर तीन महिन्यांनी तुरुंगाच्या डॉक्टराने मंडळाकडे अहवाल पाठवायचा, तो कसला? तर तुरुंगात मानसिक आजाराचे कैदी नाहीत, असे प्रमाणित करणारा! हेतू असा, की असे कैदी तुरुंगात राहूच नयेत. हेतू स्तुत्य, पण ‘नाहीत’ हे लिहायला सर्वांत सोपे उत्तर आहे, हे परीक्षार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

ह्या साऱ्यावर सर्वांत बिनतोड आक्षेप मला कोणत्याही पुस्तकात सापडला नाही. तो आमच्या दुकानदाराने घेतला. “माझे टाके मी पदरच्या पैशानं घातले, अन् ह्याला आत सरकारी डॉक्टर फुकट? हा कुठला न्याव?” नाना आत होते तेव्हा ह्याच माणसाने आम्हांला उधारी बंद केली नव्हती, म्हणून त्याला हृदयशून्य म्हणण्याची माझी छाती नाही. त्याचे टाके सरकारी दवाखान्यात फुकट पडायला हवे होते, हे त्याचे गाऱ्हाणे शंभर टक्के खरे आहे. पण ते नानांच्या गोळ्यांविरुद्धचे गाऱ्हाणे होत नाही. दुकानदार जखम धरून तालुक्याला तरी जाऊ शकला. कैद्याला दवाखान्यापर्यंत चालत जाता येत नाही, कारण दाराला बाहेरून कुलूप आहे, आणि किल्ली सरकारच्या कमरेला आहे. ज्याने कुलूप लावले त्यानेच आतल्याचे दुखणे पाहायचे. ह्यात दया नाही, हा हिशेब आहे. शिवाय त्या गोळ्या सुटताना तुटल्या नसत्या, तर पुढच्या पावसाळ्यात दुकानदाराला पुन्हा फळी लावून आत बसावे लागले नसते. हे मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. नानांची तंबाखूची पुडी मात्र त्याने बांधून दिली.

आता जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नानांच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला मिळतात. एकटे जायला ते धजत नाहीत, आणि वडिलांना रोजगार बुडवून चालत नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी इतिहासाच्या तासाला माझ्या नावापुढे गैरहजेरी का पडते, हे सरांना विचारायचे होते, ते हे.